माप आधी, फ्रेम नंतर

दोन वर्षांपूर्वी भाचीनं मला एका निळ्या फ्रेमचा फोटो पाठवला. "मामा, ५४ ची शेवटची उरलीय. उद्यापर्यंत सूट आहे. घेऊ का?" मी विचारलं, "तुझा पाय किती?" प्रश्न तिला कळला नाही. विकणाऱ्यानं तो विचारलाच नव्हता. उंची पाच फूट पाच इंच म्हटल्यावर त्यानं ५४ ठरवून टाकली होती.

ती फ्रेम आम्ही घेतली नाही. महिन्याभरानं दुसरी घेतली, क्रोमोली स्टीलची, आणि चार रविवार गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून आम्ही दोघांनी तिची सायकल बांधली. तिला २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची होती, साडेतेरा तासांच्या मुदतीतली. एवढा वेळ सीटवर काढायचा तर सायकल अंगाला बसलीच पाहिजे. मी स्वतः पूर्वी दोन वर्षं गळ्यात मारलेली मोठी फ्रेम चालवली आहे. खंबाटकी घाट चढून वर पोचेपर्यंत करंगळ्या बधिर व्हायच्या, आणि मला वाटायचं की आपलाच सराव कमी पडतोय. तसं कोणाचं होऊ नये म्हणून ही कृती सविस्तर लिहितो आहे.

आधी माणूस मोजा

अनवाणी पायांनी भिंतीला पाठ टेकून उभं राहा, पावलांत वीतभर अंतर ठेवा. एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये घालून वर ओढा. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा आला पाहिजे. पुस्तकाची एक कड भिंतीला पूर्ण चिकटलेली हवी, म्हणजे वरची कड आडवी राहते. आता वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर दुसऱ्या माणसानं सेंटीमीटरमध्ये मोजायचं. हेच पायाचं माप. भाचीचं पहिलं माप ७४ आलं, कारण संकोचानं तिनं पुस्तक नुसतं धरलं होतं. नीट ओढल्यावर ७५.८, ७६.२ आणि ७६. आम्ही ७६ धरलं. इथली दोन सेंटीमीटरची चूक पुढे सीटच्या उंचीत जवळजवळ तेवढीच उतरते, म्हणून तीनदा मोजायचं.

फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि तीनदा तूर द फ्रान्स जिंकलेला ग्रेग लेमाँड यांच्या नावानं एक सूत्र चालत आलं आहे : पायाचं माप गुणिले ०.८८३ म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची. (बॉटम ब्रॅकेट म्हणजे क्रँकचा आस जिथे बसतो ती आडवी नळी. पुढे नुसतं बीबी म्हणतो.) ७६ ला ते ६७.१ येतं. दुसरं सूत्र १९६७ सालच्या हॅमली आणि थॉमस यांच्या अभ्यासातलं : पायाच्या मापाच्या १०९ टक्के, पण खाली गेलेल्या पायडलपासून सीटपर्यंत. म्हणजे ८२.८, त्यातून १६.५ सेंटीमीटरचा क्रँक वजा केला की ६६.३. दोन सूत्रांत ८ मिलिमीटरचा फरक पडतो. अशा वेळी सुरुवात खालच्या आकड्याजवळ करावी. सीट थोडी खाली असली तर गुडघा वेळेत कुरकुरतो आणि आपल्याला कळतं. वर असली तर कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि ते स्वतःला दिसत नाही. आम्ही ६६.५ वर सुरुवात केली.

याच मापाला ०.६५ नं गुणलं की जुन्या पद्धतीच्या फ्रेमचा आकार मिळतो, बीबीच्या मध्यापासून दांड्याच्या मध्यापर्यंत. भाचीसाठी तो ४९.४ आला. दांडा जमिनीला समांतर असायचा तेव्हा हा आकडा पुरेसा होता. १९९० च्या दशकात माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी टीसीआर ही उतरत्या दांड्याची सायकल आखली आणि बाकीच्यांनीही तो आकार उचलला. तेव्हापासून ५२, ५४, स्मॉल, मीडियम ही नुसती चिठ्ठी आहे. एका कंपनीची ५२ दुसरीच्या ५४ पेक्षा लांब निघू शकते.

म्हणून फ्रेमच्या मापांच्या तक्त्यात दोनच आकडे आधी बघा, स्टॅक आणि रीच. बीबीच्या मध्यापासून सरळ वर हँडलच्या नळीच्या माथ्याच्या पातळीपर्यंत जितकी उंची, तो स्टॅक. तिथून आडवं त्या माथ्याच्या मध्यापर्यंत जितकं अंतर, तो रीच. आपल्याला किती हवा हे कसं कळणार? ज्या सायकलवर आपण दोन-तीन तास आरामात बसतो ती सायकल मोजायची, मैत्रिणीची असली तरी चालेल. सपाट फरशीवर तिचं मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल सरळ उभी धरा. भिंतीपासून बीबीचा मध्य आणि भिंतीपासून हँडलच्या नळीच्या माथ्याचा मध्य अशी दोन आडवी अंतरं घ्या. वजाबाकी म्हणजे रीच. फरशीपासून त्याच दोन जागांच्या उंचीची वजाबाकी म्हणजे स्टॅक. स्टेमची, म्हणजे फोर्कच्या दांडीला हँडल जोडणाऱ्या तुकड्याची, लांबीही टिपून ठेवा.

भाचीच्या मैत्रिणीच्या सायकलचा रीच ३७८ मिलिमीटर आणि स्टेम १०० चा निघाला. त्यावर भाचीला थोडं ताणल्यासारखं व्हायचं. म्हणून ३७० च्या आसपासचा रीच आणि ९० चा स्टेम असं ठरवलं. सूट असलेल्या त्या निळ्या फ्रेमचा रीच होता ३८६. घेतलेल्या फ्रेमचा ३७१, स्टॅक ५३२. पंधरा मिलिमीटर म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण लांब फ्रेम आखूड करायला स्टेम ७० वर आणावा लागतो. मग हँडल चंचल होतं आणि उतारावर जीव धास्तावतो. आखूड फ्रेमला लांब स्टेम सहज लागतो. दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान फ्रेम घ्या, हे माझं ठाम मत आहे. मान-पाठ कडक असेल आणि हँडल उंच हवं असेल तेवढाच त्याला अपवाद.

आणखी दोन गोष्टी तक्त्यात बघा. सीटच्या नळीचा कोन एका अंशानं बदलला की ६७ सेंटीमीटर उंचीवर सीट पुढे-मागे जवळजवळ १२ मिलिमीटर सरकते. लहान फ्रेममध्ये हा कोन बहुधा उभा असतो, म्हणून सीटपोस्ट मागे झुकाव असलेला घ्यावा लागेल का, हे आधीच बघायचं. दुसरं, लहान फ्रेममध्ये हँडल वळवल्यावर पुढचं चाक बुटाच्या टोकाला लागतं का? वेगात याचा त्रास नाही, पण सिग्नलला हळू वळताना पडायला होतं.

सुटे भाग घेण्यापूर्वी

इथे पैसे वाया जातात. वहीचं एक पान घ्या आणि फ्रेमवर कॅलिपर लावून मोजून लिहा. आमच्या पानावर असं होतं : बीबीची नळी ६८ मिलिमीटर रुंद, इंग्लिश आटे, म्हणजे १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. सीटपोस्ट २७.२. पुढच्या डिरेलरचा पट्टा २८.६. मागच्या हबसाठी जागा १३० मिलिमीटर. फोर्कची दांडी २८.६. ब्रेकच्या बोल्टपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर वर आणि खाली दोन्ही मोजलं, कारण रिम ब्रेकचे हात वेगवेगळ्या लांबीचे येतात. इटालियन फ्रेम असेल तर बीबी ७० मिलिमीटरची असते आणि दोन्ही बाजूंना सरळ आटे असतात. तिथे इंग्लिश वाट्या बसत नाहीत.

घरी आजोबांच्या काळ्या सायकलची चाकं पडून असतील तर ती वापरायचा मोह होतो. ती २८ बाय दीड इंची, टायर बसतो तिथे ६३५ मिलिमीटरची. रोड बाइकचं ७०० सी चाक ६२२ चं असतं. ७०० सी चा टायर त्या जुन्या रिमवर चढत नाही. टायरच्या कडेला २८-६२२ असा आकडा छापलेला असतो, तोच बघून घ्या. आपल्या रस्त्यांना २५ पेक्षा २८ चा टायर बरा, फक्त फ्रेम आणि टायर यांच्यात सगळीकडून निदान ४ मिलिमीटर मोकळी जागा हवी.

गियर शिमानोचे, ११ पाकळ्यांची कॅसेट. पुढे ५०-३४ दात, मागे ११ ते ३२. सर्वांत हलक्या गियरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी साडेनऊ किलोमीटर. सिंहगड चढताना नवख्या माणसाला असा गियर लागतो. मोठ्या दातांचा रुबाब दाखवणाऱ्यांचं ऐकू नका. क्रँक १६५ मिलिमीटरचे. लहान पायांना १७० किंवा १७२.५ चे घालून देतात, कारण दुकानात तेच असतात. तेवढ्यासाठी थांबलं तरी चालेल. हँडलची रुंदी खांद्यांच्या हाडांइतकी, भाचीला ३८ सेंटीमीटर.

जोडणी

पहिला रविवार नुसत्या फ्रेमचा. रंग कितीही सुंदर असला तरी स्टील आतून गंजतं, आणि पुण्या-मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात लवकर गंजतं. रंगाच्या दुकानातून डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणा. भोकं चिकटपट्टीनं बंद करून प्रत्येक नळीत थोडं तेल ओता आणि फ्रेम सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवा, जसं धिरड्याचं पीठ तव्यावर पसरतो तसं. मग उलटी टांगून निथळू द्या, दोन-तीन दिवस वाळू द्या. बीबीखालचं पाणी जाण्याचं भोक मात्र उघडं ठेवा. एक कळकळीची सूचना : या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

बीबीच्या आट्यांत आणि कडेवर रंग साचलेला असतो. आटे साफ करणं आणि कड समतल करणं यासाठी खास कटर लागतो. तो घरी नसतो, एकदाच चांगल्या मेकॅनिककडे जाऊन करून घ्या. तिथेच हेडसेटच्या वाट्या प्रेसनं बसवून घ्या आणि फोर्कच्या खांद्यावरची कडीही. हातोडीनं ठोकून बसवतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. वाटी तिरकी गेली की हँडलची नळी कायमची अंडाकृती होते.

घरी आल्यावर फोर्क बसवला. बेअरिंगला ग्रीस, मग फोर्क, वर बेअरिंग, कडी, स्पेसर, स्टेम, टोपी. फोर्कची दांडी इतक्यात कापू नका. स्टेमच्या वर चार बोटं दांडी दिसली आणि त्यावर स्पेसर रचून ठेवले तर सायकल वाईट दिसते, दिसू दे. टोपीचा बोल्ट फक्त खडखड जाण्यापुरता आवळायचा. पुढे चाकं आणि ब्रेक लागले की पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, टकटक येता कामा नये. चाक उचलून सोडलं तर हँडल स्वतःच्या वजनानं वळलं पाहिजे. मग स्टेमचे बाजूचे बोल्ट ५ ते ६ न्यूटन मीटरला. यासाठी टॉर्कचा पाना घ्याच. हाताचा अंदाज लोखंडी सायकलींवर तयार झालेला असतो आणि पातळ नळ्यांना तो महागात पडतो.

बीबीची उजवी वाटी उलट्या आट्यांची, म्हणजे डावीकडे फिरवल्यावर घट्ट होते. डावी वाटी नेहमीसारखी. इथे मी पाना लपवून ठेवला आणि भाचीला फक्त बोटं वापरायला सांगितलं. आट्यांना ग्रीस लावून वाटी तोंडाशी धरायची आणि आधी चुकीच्या दिशेला हळूहळू फिरवायची. एका जागी बारीकसा 'टक' जाणवतो, वाटी केसभर आत बसते. तिथून योग्य दिशेला वळवायची. बरणीचं झाकण लावताना हात नकळत हेच करतो. तिची पहिली वाटी अर्ध्या फेऱ्यात अडली. ती जोर लावणार होती. "थांब, काढ." काढली, पुसली, पुन्हा लावली, तर सात-आठ फेरे वाटी नुसत्या बोटांनी गेली. बोटांनी निदान चार फेरे गेल्याशिवाय पाना लावायचा नाही. शेवटी ३५ ते ५० न्यूटन मीटर. क्रँकच्या डाव्या हाताची प्लॅस्टिकची टोपी फक्त बोटांच्या जोरानं, आणि मग दोन बोल्ट आळीपाळीनं १२ ते १४ पर्यंत. एक पूर्ण आवळून दुसरा आवळला तर हात सरळ बसत नाही. पायडलमध्येही डाव्याचे आटे उलटे, ग्रीस दोन्हींना.

सीटपोस्टला ग्रीस लावून, कमाल उंचीची रेघ फ्रेमच्या आत राहील असा बसवा. कार्बनचा असेल तर ग्रीसऐवजी कार्बनची खरखरीत पेस्ट. चाकं बसवण्याआधी ती आउट आहेत का बघून घ्या. कॅसेटचं कडं ४० न्यूटन मीटरला. ते आवळताना कर्रकर्र आवाज येतो, घाबरू नका.

ब्रेकच्या आणि गियरच्या केबलची नळी वेगळी असते. ब्रेकच्या नळीत गुंडाळलेली तार असते, गियरच्या नळीत लांबीनं उभ्या तारा. गियरची नळी ब्रेकला लावली तर जोरात ब्रेक मारताना ती फाटू शकते. हे कधीही करू नका. नळी कापल्यावर टोक कानशीनं सपाट करा आणि आतलं दबलेलं तोंड टोच्यानं उघडा. गियर बिघडतो तो निम्म्या वेळा या टोकापाशीच. पुढचा ब्रेक उजव्या हाताला ठेवला, मोटरसायकलसारखा, कारण घाईच्या क्षणी हात सवयीनंच चालतो. ब्रेकचं रबर फक्त रिमवर टेकायला हवं, टायरला मुळीच नाही.

चेनची लांबी : पुढची मोठी चकती आणि मागची मोठी पाकळी यांच्यावरून चेन घ्या, डिरेलरमधून नको. टोकं जिथे भेटतात त्यापुढे एक आतली आणि एक बाहेरची कडी जास्त ठेवून तोडा. सगळ्यांत जास्त घाई इथे होते. तोडण्याआधी दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा. मागच्या डिरेलरचे एच आणि एल हे दोन स्क्रू केबल जोडण्यापूर्वीच लावायचे. मागून बघितलं तर वरचं छोटं चाक एकदा सर्वांत लहान आणि एकदा सर्वांत मोठ्या पाकळीच्या रेषेत दिसलं पाहिजे. एल सैल राहिला तर डिरेलर आऱ्यांत जाऊन चाकासकट तुटतो. मग केबल जोडा. चेन मोठ्या पाकळीवर चढायला कुचकुचत असेल तर नळीच्या टोकाचा गोल नट घड्याळाच्या उलट पाव फेरा, उतरायला कुचकुचत असेल तर सुलट. पुढच्या डिरेलरचा पिंजरा मोठ्या दातांच्या वर १ ते ३ मिलिमीटर, चकतीला समांतर.

बसून बघणं

चौथ्या रविवारी सायकल होम ट्रेनरवर चढवली. टाच पायडलवर ठेवून पाय सर्वांत खाली नेला तर गुडघा जेमतेम सरळ व्हावा. पाऊल नीट ठेवल्यावर थोडासा वाक राहतो. क्रँक आडवे करून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडला. तो पायडलच्या आसावर यावा. भाचीचा ६ मिलिमीटर पुढे पडत होता, सीट तेवढी मागे घेतली. ओळंबा ही सुरुवात करण्याची जागा आहे, त्यापुढचा निर्णय रस्त्यावर होतो. हँडलनं पुढचा हब झाकला गेला की माप बरोबर, असं अजून सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका, मान थोडी हलली की उत्तर बदलतं.

हँडलची टेप लावली नव्हती. केबली काळ्या चिकटपट्टीनं बांधल्या आणि तशीच सायकल बाहेर काढली, टायरमध्ये पुढे ६० आणि मागे ६५ पीएसआय हवा. पहिली फेरी ३० किलोमीटर, घराच्या आसपासच, ॲलन कीचा संच खिशात. परतल्यावर क्रँक, स्टेम, सीट, सगळे बोल्ट पुन्हा तपासले. पुढचे दोन आठवडे दुखण्याची नोंद ठेवली. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. हात बधिर होत असतील तर सीटचं टोक खाली झुकलेलं असतं किंवा हँडल लांब असतं. एका वेळी एकच बदल, तोही ३ मिलिमीटरचा. भाचीचा गुडघा पुढून दुखला, सीट ६६.५ वरून ६६.८ झाली आणि तिथे थांबली. गियर बदलायचे लिव्हर तिनं दोनदा वर घेतले. टेप आधी लावली असती तर दोनदा उकलावी लागली असती.

अडीचशे किलोमीटर झाल्यावर दांडी कापली. स्टेमवर एक स्पेसर ठेवून, त्याच्या माथ्यापेक्षा ३ मिलिमीटर खाली खूण केली. जुना स्टेम खुणेवर आवळला की हॅकसॉला सरळ वाट मिळते. कापून कानस फिरवली. दांडी कार्बनची असेल तर बारीक दातांचं ब्लेड, तोंडाला मास्क आणि ओलं फडकं. टेप सर्वांत शेवटी, हँडलच्या टोकाकडून वर.

भाचीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. सीटची उंची ६६.८. बीबीच्या मागे सीटचं टोक ४.६. सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत ४९.५. सीटपेक्षा हँडल ३ सेंटीमीटर खाली. तुमची सायकल अंगाला बसली की हे चार आकडे असेच लिहून ठेवा, आणि पुढची फ्रेम घ्यायला जाताना तो कागद सोबत न्या.